सत्याग्रह महाडलाच का झाला?

परीक्षानळीत दोन द्रव्ये एकत्र करून तापवली म्हणजे काय होईल, हे रसायनशास्त्रज्ञ आधी सांगू शकतो. शंका आली तर तो प्रयोग पुन्हा करून पाहतो. पण एखाद्या गावातली माणसे मोर्चा काढतात, बंदी असलेल्या विहिरीवर जाऊन पाणी पितात, दारूचे दुकान बंद पाडतात. किंवा यांपैकी काहीही न करता वर्षानुवर्षे सोसत राहतात. याचा अभ्यास कोणत्या प्रयोगशाळेत करायचा? गाव परीक्षानळीत मावत नाही आणि झालेला मोर्चा पुन्हा एकदा काढून दाखवा, असे गावकऱ्यांना सांगता येत नाही.

तरीही असा अभ्यास होतो. तो समाजशास्त्राचा विषय आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला, म्हणजे आपल्याकडेही या शास्त्राला शंभर वर्षे होऊन गेली. शाळेत मात्र त्याची आणि आपली गाठ क्वचितच पडते. चळवळी आपल्याला भेटतात त्या इतिहासाच्या पुस्तकात, आणि तेथे त्या सन, पुढारी व परिणाम अशा तीन खणांत नीट बसवलेल्या असतात. समाजशास्त्रज्ञाचा प्रश्न निराळा असतो. तो विचारतो, अन्याय तर पुष्कळ ठिकाणी होता. मग माणसे याच गावी आणि याच वेळी का उठली?

या प्रश्नाचे उत्तर मोघम बोलून मिळत नाही. एक गाव घेऊन बसावे लागते. आपण महाड घेऊ.

तळे आणि ठराव

महाड हे सावित्री नदीच्या काठचे व्यापारी गाव. तेव्हा ते कुलाबा जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्याचे नाव १९८१ पासून रायगड झाले. गावातले चवदार तळे नगरपालिकेच्या ताब्यात होते. त्याचे पाणी सवर्ण हिंदू भरत, मुसलमान भरत, गुरेढोरेही पीत. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना मात्र तेथे मज्जाव होता. बाजाराला, कचेरीला किंवा कोर्टाच्या तारखेला खेड्यापाड्यांतून ही माणसे महाडला येत. कोकणातला उन्हाळा कसा असतो हे तुम्हाला ठाऊक असेल. भरल्या तळ्याच्या काठाने ती तहानलेलीच परत जात.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला एक ठराव संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. सरकारने तशी आज्ञा काढली. पुढे १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले.

आणि पुढची तीन वर्षे कोणीही त्या तळ्याचे पाणी प्यायले नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परिषदेसाठी लागणारे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले, अशी नोंद आहे. दुसऱ्या दिवशी मंडपातून माणसे रांगेने निघाली, शांतपणे गावातून चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. थोड्याच वेळात गावात आवई उठली, की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. जमाव गोळा झाला. परतीच्या तयारीत असलेल्या, जेवायला बसलेल्या माणसांवर काठ्या चालल्या. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. नंतर १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले, तेव्हा विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबरला महाडात भरलेल्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाणे मात्र कोर्टाच्या निकालापर्यंत पुढे ढकलण्यात आले. हा दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची अनादि काळापासूनची रूढी विरोधकांना सिद्ध करता आलेली नाही.

एवढी हकीकत तुम्ही कोठे ना कोठे वाचलेली असेल. आता आपला प्रश्न. बोले यांचा ठराव काही एकट्या महाडसाठी नव्हता. तेव्हाचा मुंबई इलाखा सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेला होता. त्यात किती तळी, किती विहिरी असतील याची कल्पना करा. बहुतेक ठिकाणी ठराव कागदावरच राहिला. महाडच का पेटले?

रागाने चळवळ होते का?

पहिले उत्तर सगळ्यांनाच सुचते. अन्याय असह्य झाला म्हणून माणसे उठली. जुने पंडितही असेच काही म्हणत. फक्त त्यांचा सूर तुच्छतेचा असे. गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ साली गर्दीच्या मानसशास्त्रावर एक गाजलेले पुस्तक लिहिले. माणूस गर्दीत शिरला की त्याची विचारशक्ती लोपते, तो भावनेच्या लाटेबरोबर वाहत जातो, असे त्याचे म्हणणे होते. चळवळ म्हणजे एक प्रकारचा ताप, असे मानणारी ही विचारसरणी बराच काळ टिकली. आजही मोर्चामुळे बस अडली की बसमधली मंडळी नकळत ल बाँचीच भाषा बोलू लागतात.

पण हे उत्तर तपासून पाहा. पाण्याची बंदी शेकडो गावांत होती आणि शतकानुशतके होती. कारण सगळीकडे सारखेच हजर आहे आणि परिणाम मात्र एके ठिकाणी दिसतो. मग त्या कारणात काहीतरी भर पडल्याशिवाय हिशेब जुळणार नाही. लाकूड सगळीकडे आहे, पण आग एकाच ठिकाणी लागली, तर नुसत्या लाकडाकडे बोट दाखवून भागत नाही.

रागाचेही एक गणित असते, आणि ते वाटते तितके सरळ नाही. दुसऱ्या महायुद्धात सॅम्युएल स्टाउफर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह लाखो सैनिकांना प्रश्नावल्या देऊन त्यांची मते जमवली. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. हवाई दलात बढत्या भराभर मिळत, लष्करी पोलिसांत फार सावकाश. तरीही बढतीच्या संधीबद्दल जास्त कुरकुर हवाई दलातच होती! कारण उघड आहे. जेथे आजूबाजूचे पुष्कळ लोक वर चढताना दिसतात, तेथे मागे राहिलेल्याला ते जास्त खुपते. माणूस आपली स्थिती एखाद्या ठरीव मापाने मोजत नाही. शेजाऱ्याशी, आपल्याच कालच्या स्थितीशी, आपल्याला योग्य वाटणाऱ्या स्थितीशी तुलना करून मोजतो. समाजशास्त्रात याला ‘सापेक्ष वंचितता’ म्हणतात.

हे ध्यानात घेऊन पुन्हा महाडकडे वळू. दक्षिण कुलाबा आणि उत्तर रत्नागिरी या पट्ट्यातल्या महार समाजातली पुष्कळ माणसे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या सैन्यात होती. सैन्यात पगार होता, गणवेश होता, हुद्दा होता. शिवाय शाळा होती, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. पेन्शन घेऊन घरी परतलेला सुभेदार किंवा हवालदार लिहू-वाचू शकत असे. पण गावात पाऊल टाकताच त्याची पदके पुसली जात. तो पुन्हा गावाबाहेरच्या वस्तीतला माणूस होई. त्यातच १८९२ च्या सुमारास सैन्यभरतीचे नवे धोरण आले आणि या समाजाला भरतीचे दार बंद झाले. ज्याला काही मिळालेच नाही त्याच्यापेक्षा, मिळालेले ज्याच्या हातून काढून घेतले त्याला तुलना करायला जास्त आधार असतो.

महाडजवळच्या एका गावचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. अस्पृश्यता ही धर्माची आज्ञा कशी, असा सवाल त्यांनी ‘विटाळ विध्वंसक’ या १८८८ च्या सुमाराच्या पुस्तिकेत केला, आणि भरतीबंदीविरुद्ध सरकारकडे करायचा अर्जही तयार केला. १८९५ साली त्यांना महाडच्या लोकल बोर्डाचे सभासद नेमण्यात आले तेव्हा मोठी खळबळ उडाली. १९०० साली ते वारले. म्हणजे चवदार तळ्याचा सत्याग्रह होण्याआधी पंचवीस-तीस वर्षे या भागात हा वाद जाहीरपणे सुरू झालेला होता. १९२७ साली मंडपात बसलेल्या म्हाताऱ्यांना तो नवा नव्हता.

चहाचे दुकान आणि बोटीचे तिकीट

तरीही नुसत्या जाणिवेने परिषद भरत नाही. मंडप लागतो, धान्य लागते, निरोप पोचवणारी माणसे लागतात. ‘मनात फार आहे’ आणि ‘उद्या सकाळी दहा वाजता अमुक ठिकाणी जमा’ यांच्यामध्ये जे अंतर असते, ते कोण आणि कसे भरून काढतो, हे पाहिल्याशिवाय चळवळ कळत नाही. जॉन मॅकार्थी आणि मेयर झाल्ड या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९७७ साली नेमका याच बाजूवर भर दिला. तक्रारी समाजात नेहमीच असतात. पैसा, वेळ, माणसे, संघटना आणि बाहेरचे मित्र ही साधने जेथे एकत्र येतात तेथे चळवळ उभी राहते, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. त्याला ‘साधन-जुळणीचा सिद्धांत’ म्हणता येईल. थोडा रुक्षच आहे हा सिद्धांत. चळवळ म्हणजे जणू दुकानाचा जमाखर्च! पण महाडच्या बाबतीत त्याने बरेच काही दिसू लागते.

महाडपासून सुमारे पाच मैलांवर दासगाव बंदर आहे. त्या परिसरात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे हे परिषदेच्या खटपटीतले एक मुख्य कार्यकर्ते. १९२७ साली त्यांचे वय होते अवघे चोवीस. लहानपणी शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत त्यांना प्रवेश नाकारण्यात आला होता. तक्रार वर्तमानपत्रात छापून आल्यावर तो मिळाला. छापील शब्दाची ताकद या मुलाला कोणत्या वयात कळली ते पाहा. पुढे महाडच्या बाजारात अस्पृश्यांसाठी असलेल्या एका लहानशा चहाच्या दुकानाशी त्यांचा संबंध आला. बाजाराला आलेली माणसे तेथे टेकत, पाणी पीत, गाऱ्हाणी सांगत. मोरे त्यांचे अर्ज लिहून देत. समाजशास्त्रज्ञाला असे दुकान सापडले की तो खूश होतो. कारण वेगवेगळ्या खेड्यांची माणसे एकमेकांना भेटतील अशी, कोणाच्या मेहेरबानीवर न चालणारी जागा तेथे तयार झालेली असते. एकेका खेड्यातली पाचदहा घरे एकाकी असतात. बाजाराच्या दिवशी त्या दुकानात तीच पन्नास खेडी होतात.

दुसरे साधन होते मुंबई. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. मुंबईशी संबंध बोटीने. गोदीत, रेल्वेत, गिरण्यांत कामाला गेलेल्या माणसांची ये-जा सतत चाले. गिरणीतही त्यांची बंदीतून सुटका नव्हती. विणाईखात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तो उष्टा धागा दुसऱ्याला चालणार नाही म्हणून अस्पृश्यांना त्या जास्त पगाराच्या खात्यात घेत नसत. पण मुंबईत रोख मजुरी होती, रात्रीच्या सभा होत्या, वर्तमानपत्रे होती. तेथून गावी मनिऑर्डर येई, तसेच विचारही येत. परिषदेआधी कार्यकर्त्यांनी गावोगाव बैठका घेतल्या, पैसे आणि धान्य गोळा केले. निवृत्त सैनिकांचे यात मोठेच साहाय्य झाले. शिस्तीने चालणे, हुकूम पाळणे त्यांना सांगावे लागत नव्हते. हल्ला झाला तेव्हा हात उचलू नका हा बाबासाहेबांचा शब्द पाळला गेला. मंडपात लढाई पाहिलेली माणसे होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या संयमाची किंमत कळते.

तिसरी गोष्ट, गावातच असलेले मित्र. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि मुंबईच्या समाजकार्यात वावरलेले अनंत विनायक चित्रे हे दोघेही सवर्ण, पण परिषदेच्या बाजूचे. तळे खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केलेला. म्हणजे सत्याग्रहींना ‘आम्हाला हक्क द्या’ असे म्हणावे लागत नव्हते. ‘दिलेला हक्क वापरतो’ एवढेच म्हणायचे होते. दारे पूर्ण बंद असली तर माणसे निराश होतात आणि पूर्ण उघडी असली तर चळवळीची गरजच उरत नाही. दार किलकिले झाले असेल तेव्हा धक्का देण्याचा मोह सर्वांत जास्त. अभ्यासक याला ‘राजकीय संधी’ म्हणतात.

न आलेल्यांची यादी

येथे एखादा चिकित्सक विद्यार्थी हात वर करील. चहाचे दुकान, पेन्शनर, बोट हे सगळे तुम्ही सत्याग्रह झाल्यावर शोधून काढलेत. जे घडले त्याला मागाहून कारणे चिकटवणे सोपे असते. ही कारणे खरी कशावरून?

आक्षेप बिनतोड आहे. शास्त्रात अशा वेळी तुलनेसाठी दुसरा गट लागतो. खताचा परिणाम पाहायचा तर खत न घातलेला वाफाही शेजारी हवा. महाडला न आलेल्यांची यादी कोणी ठेवलेली नाही. पण अशी यादी दुसऱ्या एका चळवळीत, अगदी योगायोगाने, टिकून राहिली. त्यासाठी थोडा वेळ अमेरिकेत जाऊ.

१९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यातल्या कृष्णवर्णीय नागरिकांची नावे मतदारयादीत नोंदवण्यासाठी देशभरातून विद्यार्थी स्वयंसेवक मागवण्यात आले. काम जिवावरचे होते. मोहिमेच्या सुरुवातीलाच जूनमध्ये तिघा कार्यकर्त्यांचा खून झाला. इच्छुकांकडून लांबलचक अर्ज भरून घेतले होते. बऱ्याच वर्षांनी डग मॅकॲडम या समाजशास्त्रज्ञाला हे अर्ज जपून ठेवलेले सापडले. निवड झालेल्या ९५९ जणांपैकी ७२० प्रत्यक्ष गेले आणि २३९ आयत्या वेळी राहिले. पाहा, दोन वाफे आयतेच तयार! अर्ज सगळ्यांनी आधी भरलेले, म्हणून मागाहून आठवून सांगण्याचा दोषही नाही.

गेलेल्यांना अन्यायाची चीड जास्त असेल, असे कोणालाही वाटेल. अर्जांत तसे दिसले नाही. चीड दोन्ही गटांत सारखीच होती. फरक सापडला तो निराळ्या ठिकाणी. गेलेले विद्यार्थी आधीपासून जास्त संस्थांचे सभासद होते आणि त्यांचे जवळचे मित्रही मोहिमेला जाणार होते. ज्याचे स्नेही निघाले तो निघाला. जो एकटा होता तो, विचार तेच असूनही, मागे राहिला. मॅकॲडम यांचा हा अभ्यास १९८६ व १९८८ साली प्रसिद्ध झाला. विश्वास माणसाला उंबरठ्यापर्यंत आणतो. उंबरठा ओलांडायला बहुतेक वेळा कोणाचा तरी हात लागतो, असे त्यातून दिसते.

आता महाडच्या त्या चहाच्या दुकानाकडे आणि मुंबईच्या बोटीकडे पुन्हा पाहा. त्यांना कारणे म्हणण्याला थोडे बळ आले. पुरावा पूर्ण झाला असे मात्र नव्हे. मिसिसिपीचे अर्जदार शिकलेले, सुखवस्तू तरुण होते. महाडला जमलेली बरीचशी माणसे घरी परतल्यावर बहिष्काराला तोंड देणार होती. एका समाजातला नियम दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, ही समाजशास्त्राची अडचण आहे आणि चांगला अभ्यासक ती झाकून ठेवत नाही.

ठरवून की उत्स्फूर्त?

महाडबद्दल आणखी एक वाद आहे आणि तो मला फार उद्बोधक वाटतो. तळ्यावर जायचे आधीच ठरले होते, की ऐन वेळी सुचले? परिषदेच्या हकीकतींत असे येते, की दुसऱ्या दिवशी समारोप करताना अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली आणि सभा उठून निघाली. ल बाँच्या शिष्याला वाटेल, पाहा, लाट आली! पण महिनोन्‌महिने चाललेल्या बैठका, नगरपालिकेचा ठराव, पाणी विकत घेण्यामागची बोच हे सारे समोर ठेवले की ‘ऐन वेळी’ या शब्दाचा अर्थच बदलतो. काडी ऐन वेळी ओढली असेल. गवत मात्र कोणीतरी आधी वाळवून रचून ठेवले होते. चळवळींच्या बाबतीत ‘उत्स्फूर्त’ हा शब्द पुष्कळदा, मागची तयारी लेखकाला दिसली नाही, एवढाच अर्थ सांगतो.

तीच गोष्ट आकड्यांची. परिषदेला किती माणसे होती? वेगवेगळ्या लेखनात अडीच हजारांपासून दहा हजारांपर्यंत आकडे सापडतात. चौपट फरक! गर्दी मोजण्याची एक साधी रीत हर्बर्ट जेकब्स या अमेरिकन पत्रकारितेच्या प्राध्यापकाने १९६० च्या दशकात सुचवली. त्याच्या खिडकीखालच्या चौकात फरशीचे चौकोन आखलेले होते. एका चौकोनात किती माणसे उभी आहेत ते मोजायचे आणि चौकोनांच्या संख्येने गुणायचे. विरळ गर्दीत माणशी सुमारे १० चौरस फूट जागा जाते, दाटीच्या गर्दीत साडेचार. तुमच्या शाळेचे पटांगण मोजा. ते ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असेल, तर विरळ गर्दीत त्यात साधारण साडेसहाशे माणसे मावतील आणि दाटीत चौदाशे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याच पटांगणावर दहा हजारांची सभा झाल्याचे वाचले, तर हसू येईल.

विरोध करणारेही जमतातच

चळवळीच्या अभ्यासात एक बाजू हमखास सुटते, ती विरोधकांची. त्यांनाही माणसे जमवावी लागतात. तळे नगरपालिकेचे होते, ठराव नगरपालिकेचा होता. तळ्यावरून भांडायला कायद्याचा आधार तोकडा होता. देवळाची आवई उठली तेव्हा मात्र तळ्याबद्दल उदासीन असलेली माणसेही काठ्या घेऊन बाहेर पडली. अफवा ही चळवळीच्या अभ्यासात क्षुल्लक बाब नव्हे. ती कोठून निघाली, कोणत्या रस्त्याने पसरली, कोणाला खरी वाटली, हे शोधले तर गावाची न दिसणारी नाडी हाताला लागते. नंतर हेच लोक शुद्धीसाठी एकत्र आले, नगरपालिकेत बहुमत जमवून बसले, कोर्टात गेले. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. गाव एका बाजूला आणि सत्याग्रही दुसऱ्या बाजूला, असे सरळ चित्र महाडात नव्हतेच. तसे ते कोणत्याच गावात नसते.

कोर्टाचे ते दहा वर्षांचे दप्तर अभ्यासकाला फार उपयोगी पडते. दावा रूढीचा होता, म्हणून कोणी, केव्हा, कोणत्या घाटावर पाणी भरले याविषयीच्या साक्षी त्यात नोंदवाव्या लागल्या. भांडणाचे कागद पुष्कळदा सलोख्याच्या कागदांपेक्षा बोलके असतात.

तुमच्या गावात

एवढे वाचल्यावर आपणही असा अभ्यास करावा असे काहींना वाटेल. वाटावेच. त्यासाठी महाडएवढी मोठी घटना लागत नाही. नळयोजनेसाठी पंचायतीवर गेलेला हंडा मोर्चा, दारूबंदीसाठी बायकांनी केलेली खटपट, वाचनालय वाचवण्यासाठी जमवलेली वर्गणी, एसटीच्या थांब्यासाठी दिलेले अर्ज, यांतले काहीतरी तुमच्या गावात किंवा वाडीत घडलेले असतेच. दहापंधरा वर्षांपूर्वीचे असेल तर उत्तम. माणसे हयात असतात आणि भांडणाची धग कमी झालेली असते.

प्रथम कागद पाहा. ग्रामपंचायतीत ग्रामसभेची इतिवृत्ते असतात, तालुक्याच्या वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली असतात. शिक्षकांनी एक पत्र दिले तर काम सोपे होते. त्यांतून तारखांचा एक तक्ता करा. मग गावाचा नकाशा काढा आणि त्यात नुसती घरे न दाखवता पाणवठे, पार, किराणा दुकान, दूध संकलन केंद्र, पिठाची गिरणी अशी माणसे थांबण्याची ठिकाणे दाखवा. मोर्चाला आलेल्या घरांवर एक खूण, न आलेल्यांवर दुसरी. कित्येकदा खुणांची दाटी एखाद्या नळाभोवतीच सापडते.

मुलाखतीत खरे कसब लागते. ‘अन्याय सहन झाला नाही म्हणून तुम्ही मोर्चात गेलात ना?’ असे विचारलेत तर उत्तर ‘हो’ असेच येणार, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. ‘मोर्चा निघणार हे तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितले?’ असे विचारा. ‘कोणाबरोबर गेलात? त्या दिवशी मजुरीचा खाडा पडला का? घरी मुले कोणी सांभाळली?’ अशा प्रश्नांना माणसे सहसा खरी उत्तरे देतात, कारण त्यांत फुशारकीला वाव नसतो. कोणी कोणाला सांगितले ते टिंबे आणि बाण काढून दाखवा. वीसपंचवीस बाण झाले की एखाद्या टिंबातून बरेच बाण निघालेले दिसतील. ते टिंब सरपंचाचे असेलच असे नाही. ते अंगणवाडीच्या ताईंचे असेल, टेलरचे असेल, रोज चार वाड्यांत दूध गोळा करत फिरणाऱ्या मुलाचे असेल.

न आलेल्यांकडे जायला विसरू नका. त्यांना ‘का आला नाहीत?’ असे तोंडावर विचारले तर ते खजील होतात किंवा चिडतात. ‘त्या दिवशी तुम्ही कोठे होतात?’ हा प्रश्न पुरतो. शेतावर कामाला होतो, मालक मोर्चाच्या विरुद्ध होता, असे कोणी सहज बोलून जाईल, आणि तुमच्या तक्त्यात एक नवा रकाना वाढेल. ज्यांनी विरोध केला त्यांच्याही घरी जा, त्यांच्या पडवीत बसून त्यांचे म्हणणे तितक्याच मन लावून उतरून घ्या. वहीत कोणाचेही खरे नाव लिहू नका. क्रमांक द्या आणि नावांची यादी निराळी, शिक्षकांजवळ ठेवा. गाव लहान असते, आणि तुमचा अभ्यास संपल्यावरही त्या माणसांना तेथेच राहायचे असते.

वही मात्र मोठी घ्या. मुलाखत उजव्या पानावर लिहा आणि डावे पान कोरे ठेवा. त्याच दिवसाची, त्याच मोर्चाची दुसऱ्याने सांगितलेली हकीकत त्या पानावर येईल.